कोठा कोणाचा

१३ डिसेंबर १९५३

यादोराव वकीलसाहेबांना नमस्कार. एवढ्या उशिरा लिहायला घेतलं त्याची माफी असावी. वही तुम्ही दिवाळीच्या आधी दिली आणि आज धानाची चुरणी-मळणी संपली तेव्हा कुठे ती उघडली. हात कामात होते हे खरं. भीती वाटत होती हेही खरं. मी मराठी तिसरीपर्यंत शिकलो त्याला पन्नासाच्या वर वर्षं झाली, आणि लिहिलेलं भलत्याच्या हाती लागलं तर, हा घोर.

तुम्ही म्हणालात, "चैतराम, तुम्हाला शिक्षा मॅजिस्ट्रेटनं नाही केली, तुमच्या तोंडानं केली. भंडाऱ्याला अपिलाचा निकाल लागेपर्यंत बोलावंसं वाटलं की या वहीत बोला. माणसांत नको." म्हणून वहीत बोलतो.

सारं सुरुवातीपासून लिहा म्हणालात. तर चैत्रात एक परका माणूस आमच्या बैलांच्या कोठ्यासमोर येऊन उभा राहिला. पांढरं धोतर, काळा कोट. मला वाटलं, शंकरपटाचा, बैलांच्या शर्यतीचा शौकीन असेल, जोडी पाहायला आला. शिवरात्रीच्या पटात आमची जोडी पहिली आली होती, तेव्हापासून लोक येतच होते. आले की विचारायचे, "दुधरामची जोडी कोणती?" हाच माणूस पहिला, ज्यानं नाव न घेता विचारलं.

"बाबा, ये कोठा किसका है?"

मी म्हणालो, "मेरा."

"और कोई मालिक?"

"कोई नहीं. कोठा मेरा, तनिस मेरी, अंदर जो भी है सब मेरा." वरून हेही म्हणालो, "वो दुधराम तो बस बैल का बदन पोंछने आता है."

मग त्यानं शिट्टी वाजवली. आबकारीचा जमादार होता. पंच घेऊन शिपाई आत शिरले आणि गव्हाणीमागच्या तनिशीतून, धानाच्या पेंढ्यातून, मातीचं गाडगं काढलं. गाडग्यात गांजा. परवाना नाही. मी तो गांजा कधी पाहिला नव्हता, शपथ घेतो. पण "सब मेरा" हे पंचांनी ऐकलं होतं, ते कागदावर चढलं, आणि गोंदियाच्या कोर्टात तेवढंच पुरलं. सहा महिने सक्तमजुरी. आता जामिनावर घरी आहे.

गाडगं कोणा जळकुट्यानं ठेवलं असणार. जोडी पहिली आली हे पाहवत नसेल. जळणाऱ्या माणसाला काय सुचेल सांगता येत नाही.

१६ डिसेंबर

पटाच्या जोडीचं वकीलसाहेबांना समजावून सांगायला पाहिजे, ते भंडाऱ्याचे असले तरी पटाला कधी गेलेले दिसत नाहीत. आमच्यात एका माणसाकडे एकच चांगला बैल असतो, तेव्हा दोघं मिळून जोडी करतात. हिऱ्या माझा, पाखऱ्या दुधरामचा. दुधराम शेजारी राहतो. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, लेक कोहमाऱ्याकडे दिली. आम्ही एका वयाचे. कोठा माझ्या जागेवर आहे. लाकूड दुधरामचं होतं, बांबू त्याचे होते, वरच्या छपराची छावणीही त्यानंच घातली, पण जागा माझी. जागा ज्याची, कोठा त्याचा. हे कोणालाही समजेल.

पण पट सुटला की लोक ओरडतात, "आली आली, दुधरामची जोडी आली!" आधीच्या जोड्यांपासून पंधरा वर्षं हेच. काऊन? त्याचा आवाज मोठा, पागोटं मोठं, हसणं मोठं. माझा बैल काय रिकामा पळतो?

आज सकाळी दुधराम नेहमीसारखा गुळाचा खडा घेऊन आला. पाखऱ्याच्या आधी हिऱ्याला देतो. हिऱ्या त्याचा हात मनगटापर्यंत चाटतो. मग तो हिऱ्याच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी म्हणतो आणि हिऱ्या शेपूट झटकून उभा राहतो. माझा बैल, माझ्या दारात वाढलेला, मी हाक मारली तर नुसता डोळा फिरवतो. गूळ चारून फितवला आहे.

मला पाहून दुधराम म्हणाला, "अगा चैतराम, बस ना थोडा. त्या तनिशीतल्या गाडग्याचं तुले सांगाचं हाये."

मी म्हणालो, "मले काई आयकाचं नाई. वकिलानं बोलाले मना केलं."

"तू बोलू नको, मीच बोलतो."

"तू तर जनमभर बोलूनच राहिला."

तो हसला आणि गेला. मला माहीत आहे त्याला काय सांगायचं होतं. लाकूड माझं होतं, हेच. कोर्टाच्या निमित्तानं कोठ्यात अर्धा वाटा लावायचा आहे.

१८ डिसेंबर

हिऱ्याचं पोट पुन्हा बिघडलं. पातळ हगतो. चैत्रातली धाड पडली तेव्हापासून हे सुरू आहे, आधी वर्षभर अगदी ठणठणीत होता. मुक्या जनावरालाही अपमान कळतो.

२९ डिसेंबर

भंडाऱ्याला जाऊन आलो. गोंदियाहून गाडीनं, मग टांग्यानं. टांग्यात हाडं खिळखिळी झाली. वकीलसाहेबांचा जिना उंच आहे. सेशन कोर्टालाही जिना असेल तर मी कसा चढणार, हे विचारायचं होतं ते राहून गेलं.

यादोराव म्हणाले, "हे पाहा, माल सापडला हे खोटं पाडता येणार नाही. पण कोठ्यात दोन माणसं रोज जात-येत होती, दोघांचे बैल तिथे, तर तो माल तुमच्याच ताब्यात होता हे सरकारनं कशावरून म्हणावं? तुम्ही 'सारं माझं' म्हणालात म्हणून. ते बढाईनं म्हणालात, हे आपण दाखवू. पण तुमच्या तोंडून यायला पाहिजे."

"काय?"

"कोठा दोघांचा."

मी खिडकीबाहेर पाहायला लागलो.

"गोंदियालाही मी हेच सांगत होतो. दुधरामला साक्षीला बोलवू म्हणालो तर तुम्ही म्हणालात, तो पिंजऱ्याजवळ आला तर मी उठून जाईन. तो बिचारा प्रत्येक तारखेला बाहेर चिंचेखाली बसून होता."

बिचारा म्हणाले. माझ्या वकिलानं, माझ्यासमोर.

मी म्हणालो, "साहेब, सहा महिने काढीन."

"तुमचं वय काय? तुरुंगात खडी फोडावी लागते. थंडी काय असते माहीत आहे?"

मग ते मुन्शीला म्हणाले, जामिनाचा कागद काढ. तेव्हा कळलं की माझा जामीन दुधराम राहिला आहे. शेत लिहून दिलं आहे. मी समजत होतो वकिलांनी कोणी माणूस उभा केला असेल. म्हणजे मी आज मोकळा फिरतो तोही याच्या मेहेरबानीवर! परत येताना गाडीत खिडकीशी बसलो होतो तरी एक गाव दिसलं नाही.

३० डिसेंबर

हे पान वकीलसाहेबांना दाखवायचं नाही.

देवकाबाईला, म्हणजे घरच्या माणसाला विचारलं, "जामिनाचं तुले मालूम होतं?"

ती धान पाखडत होती. सूप थांबलं नाही. "होतं."

"मले काऊन नाई सांगितलं?"

"सांगितलं असतं तं तुमी कोठडीतच बसले असते, अजी. मले तुमचा सभाव मालूम नाई का?"

संध्याकाळी तिनं पोपटीच्या शेंगांची भाजी केली आणि पहिली वाटी दुधरामकडे धाडली. एकटा आहे, म्हणते. एकटा असला म्हणून काय झालं, मला काय भाजी आवडत नाही? माझ्या ताटात आली तेव्हा खालचा रस्सा होता.

६ जानेवारी १९५४

अपिलाची तारीख सत्तावीस लागली. रोज मनात म्हणून पाहतो. कोठा दोघांचा. एकट्यानं, नदीकाठी, म्हणता येतं. दुधराम समोरून आला की मी वाट बदलतो.

म्हटलं तर मग पुढे काय? पटावर नाव पुकारतील तेव्हा लोक म्हणतील, खुद्द चैतरामनंच कोर्टात कबूल केलं. आणि दोघांचा म्हटलं की लोक दोघांचा ऐकतच नाहीत. त्याचाच ऐकतात.

१६ जानेवारी

संक्रांतीचा पट झाला. लिहायची इच्छा नाही, पण वकीलसाहेबांचा हुकूम आहे.

हिऱ्या पोटानं खंगलेला. मी म्हणालो नको नेऊ. जोडी हाकणारा धुरकरी बिसराम म्हणाला, पळेल. दुधरामनं कासरा सोडायच्या आधी हिऱ्याच्या कानात नेहमीचं काहीतरी सांगितलं. झेंडा पडला, जोडी सुटली, दाणेच्या, म्हणजे धावायच्या पट्टीच्या, अर्ध्यापर्यंत बरोबरीत होती, मग हिऱ्या मागे पडायला लागला आणि पाखऱ्यानं त्याला जवळजवळ ओढत नेलं. हरलो.

जिंकलो की दुधरामची जोडी. आज लोक काय म्हणाले? "चैतरामच्या बैलानं घात केला."

एक जण मोठ्यानं म्हणाला, "चैतरामभाऊचा गांजा सरकारनं नेला, मंग बैल कसा पळंल?" सारे हसले. दुधराम हसला नाही. तो त्या माणसाकडे गेला आणि म्हणाला, "खरं बोलून राहिला तू. तेच झालं." आणि खाली मान घालून बैल सोडायला लागला.

पाहा. शेजारी म्हणवतो आणि चारचौघांत माझ्या बदनामीला होकार देतो. घरी येताना मी चार पावलं मागे चाललो. तो हिऱ्याच्या बाजूनं चालत होता, हात त्याच्या पाठीवर. माझ्या बैलाच्या पाठीवर.

२१ जानेवारी

देवकाबाई दोन दिवस माहेरी जाते म्हणून गेली. आज परत आली तर भंडाऱ्याच्या बाजाराच्या बांगड्या हातात. माहेर तिचं आमगावकडे. दुधरामही गावात नव्हता. मी विचारलं तर म्हणते, "तुमच्यासाटीच गेली होती." माझ्यासाठी भंडाऱ्याला, आणि त्याच्याबरोबर!

रागानं जेवलो नाही. तिनं आग्रहही केला नाही. मग थंड भाकर खाल्ली.

२८ जानेवारी

काल तारीख होती. नीट लिहितो.

कोर्टाला जिना होताच. दुधरामनं दंडाला धरून चढवलं, मी झटकलं, मग दुसऱ्याच पायरीवर पुन्हा धरू दिलं.

जज्जसाहेब चष्मा लावून कागद वाचत होते. यादोराव उठले आणि म्हणाले, खालच्या कोर्टात एक महत्त्वाचा साक्षीदार राहून गेला, त्याला ऐकायची परवानगी असावी. त्यांनी आधीच अर्ज दिला होता. मला कोणी सांगितलं नव्हतं. देवकाबाई दाराशी उभी होती, तिनं पदर तोंडाला लावला. म्हणजे भंडाऱ्याच्या बांगड्यांचं हे होतं, दोघं वकिलाकडे गेली होती.

दुधराम पिंजऱ्यात गेला. जज्जसाहेबांनी त्याला समजावून सांगितलं, जे बोलशील ते तुझ्यावर येऊ शकतं, बोलायची सक्ती नाही. दुधराम म्हणाला, "समजलं, महाराज. गाडगं माजं होतं."

जज्जसाहेबांनी चष्मा काढला.

तो म्हणाला, "चैतरामच्या हिऱ्याले मागच्या साली हगवन लागली होती. काईच पोटात ठरे ना. आमचा बाप गांजाची पत्ती गुळात घालून बैलाले देत होता, मीबी दिली. रोज सकारी गुळाच्या खड्यात जराशी. बैल सुधारला. पटात पयला आला. चैतरामले सांगितलं नाई."

"काऊन नाही सांगितलं?" जज्जसाहेबांनी असंच विचारलं, आमच्यासारखं.

"त्याच्या बैलाले काई झालं हे त्याले आवडत नाई, महाराज. माजा बैल चांगला अन् त्याचा बिमार, हे मी त्याले कसं सांगू?"

मी उठून म्हणणार होतो की खोटं आहे, माझ्या हिऱ्याचं पोट कधीच वाईट नव्हतं. यादोरावांनी गुडघ्यावर हात दाबला.

मग सरकारी वकील म्हणाले, हे सारं शेजाऱ्याला वाचवायला रचलेलं आहे. कोठा आरोपीचा, तो स्वतः म्हणाला आहे. या माणसाचा तिथे संबंधच काय?

जज्जसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही सांगा. कोठा कोणाचा?"

मी दुधरामकडे पाहिलं. तो पिंजऱ्याला धरून उभा होता, पागोटं हातात, डोकं अगदी पांढरं. एवढं पांढरं कधी झालं कोणास ठाऊक. त्यानं काही खूण केली नाही. मी "माझा" म्हणालो असतो तर तो खोटा ठरून घरी गेला असता. हे मला त्या वेळी सुचलं नाही, आत्ता लिहिताना सुचलं.

माझ्या तोंडून निघालं, "दोघांचा."

"मोठ्यानं बोला."

"दोघांचा, साहेब. जागा माझी, लाकूड त्याचं. जोडी दोघांची."

वकिलांनी शिकवलं होतं म्हणून निघालं.

दुपारनंतर निकाल सांगितला. मी सुटलो. बाहेर आलो तर आबकारीचे लोक दुधरामला दोन्ही बाजूंनी धरून उभे होते. मला वाटलं तो रडत असेल. तो हसत होता, तेच मोठं हसणं, सारं आवार पाहत होतं.

"आता म्हनलास गा!" तो ओरडला. "पंदरा साल झाले, आता म्हनलास, जोडी दोघाची!"

सुटलो मी, आणि लोक गोळा झाले त्याच्याभोवती.

१३ फेब्रुवारी

दुधरामनं गोंदियाच्या कोर्टात वकील घेतलाच नाही. यादोराव फुकट उभे राहायला तयार होते. कबूल, म्हणाला. तीन महिने, भंडाऱ्याच्या तुरुंगात. कबुली दिली आणि वय झालेलं, म्हणून कमी, असं यादोराव म्हणाले. मला सहा आणि त्याला तीन.

देवकाबाईनं घोंगडी दिली. माझी घोंगडी. मी हरकत घेतली नाही. थंडी उतरणीला लागली आहे, पण फरशीवर झोपायचं म्हणजे.

गावात आता एकच गोष्ट. दुधरामनं मैत्रासाठी तुरुंग पत्करला. नागऱ्याच्या महादेवाला गेलो तर तिथला पुजारीही तेच म्हणाला, असा माणूस होणे नाही. दहा महिने कोर्टाचे उंबरे झिजवले मी, लोकांसमोर तोंडाला काळिमा घेऊन फिरलो मी, त्याचं कोणी नाव काढत नाही. तुरुंगात जायचं ठरलं होतं माझं. तेही त्यानं नेलं.

१९ फेब्रुवारी

तीन दिवसांपूर्वी पटाची मंडळी येऊन गेली. शिवरात्रीचा पट जवळ आला. वही घेऊन विचारलं, "चैतरामभाऊ, यंदा दुधराम नाही. जोडी कोणाच्या नावानं पुकारायची? तुमच्या एकट्याच्या लावू?"

पंधरा वर्षं हेच ऐकायचं होतं. मी म्हणालो, उद्या सांगतो. त्यांना चहा पाजला. उद्या गेलं, परवाही गेलं, अजून सांगितलं नाही.

२४ फेब्रुवारी

हिऱ्या काल बसला तो उठत नाही. गुरांच्या डॉक्टरनं भुकटी दिली, हगवण थांबली. पोट बरं आहे, म्हणतो. तरी उठत नाही. गूळ दिला. हुंगून तोंड फिरवलं. माझा हात चाटला नाही. पाखऱ्या उभा राहून दाराकडे पाहतो.

मी हिऱ्या, हिऱ्या म्हणून किती हाका मारल्या. मग आजूबाजूला कोणी नाही असं पाहून त्याच्या कानाशी तोंड नेलं. पण काय म्हणायचं ते माहीत नव्हतं. नुसताच श्वास गेला. त्यानं कान झटकला.

देवकाबाईला विचारलं, "दुधराम त्याच्या कानात काय बोलते?"

ती म्हणाली, "मले काय मालूम? त्यालेच इचारा ना."

तिला माहीत असेल. मला सांगत नसेल. पण विचारायचं तर त्यालाच विचारावं लागेल. यादोराव परवा तुरुंगात जाणार आहेत, हे पान फाडून त्यांच्या हाती देतो.

दुधराम, तू वाचू शकत नाहीस, वकीलसाहेब वाचून दाखवतील. साहेब, हळू वाचा, पहारेकऱ्याला ऐकू जाऊ नये.

हिऱ्याच्या कानात तू काय म्हणतोस ते कळव. दुसऱ्या नावानं हाक मारत असलास तर ते नाव कळव. माझ्या बैलाला तू माझ्या माघारी नाव ठेवलं त्याचा राग मी नंतर धरीन, आत्ता नाही. घोंगडी पुरते का तेही कळव. तिचं एक टोक उसवलेलं आहे, ते पायाकडे घे.

आणि पटावर नाव पुकारायचं आहे. दोघांचं लावणार आहे. तुझं आधी की माझं, ते तू सांग. माझं आधी म्हणालास तर बरं. नाही म्हणालास तरी चालेल, पण लवकर सांग. बैल मातीवर मान टाकून पडला आहे गा. निरोपाला उशीर करू नको.